माकड मोकळं सोडलं, मग काय कळलं?

न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायचा विचार असेल आणि तुम्ही गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर चाळत असाल, तर 'फ्रीली मूव्हिंग' हे शब्द तुम्हाला शीर्षकांमध्ये सारखे भेटत असतील. म्हणजे खुर्चीत न बसवलेलं, डोकं न जखडलेलं, आपल्या मर्जीने हिंडणारं जनावर, आणि ते हिंडत असताना त्याच्या मेंदूतल्या न्यूरॉन्सचं रेकॉर्डिंग. उंदरांच्या बाबतीत यात नवल काही नाही, ते अनेक दशकांपासून चालू आहे. माकडांच्या बाबतीत मात्र हे अलीकडचं आहे, अवघड आहे, आणि म्हणूनच मोठ्या जर्नल्समध्ये मानाने छापलं जातं.

आज अशाच एका पेपरची चिकित्सा करायची आहे. कॅमिल टेस्टार्ड, सेबास्टियन त्राँब्ले, मायकल प्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २०२४ साली 'नेचर'मध्ये आला. एकमेकांसोबत मोकळेपणी वावरणाऱ्या ऱ्हीसस माकडांच्या मेंदूत काय चालतं, हा त्याचा विषय. पेपर गाजला, आणि गाजण्यासारखा आहेच. पण त्यातले सगळे दावे एकाच वजनाचे नाहीत, असं माझं मत आहे. ते का, हे पुढे सांगते. पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात तुम्हाला काय खटकलं तेही सांगा." 'सॅम्पल साइज कमी होता' एवढ्यावर ते उत्तर भागत नाही, म्हणून हा खटाटोप.

माझी कसोटी साधी आहे. मोकळीक दिल्यामुळे असं काय कळलं, जे बांधलेल्या माकडाकडून कळलंच नसतं? आणि ते कळावं म्हणून कशावरचं नियंत्रण सोडावं लागलं? या दोन्हींचा हिशोब मांडला की पेपर नीट दिसायला लागतो.

खुर्ची आली कुठून?

१९६०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड एव्हार्ट्स यांनी जाग्या माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधल्या एकेका न्यूरॉनचं रेकॉर्डिंग करण्याची पद्धत रुळवली. माकड खुर्चीत, डोकं स्थिर, आणि हाताने एक ठरावीक हालचाल पुन्हा पुन्हा. दशकाच्या शेवटी रॉबर्ट वुर्ट्झ यांनी जाग्या माकडाला नजर एका बिंदूवर ठेवायला शिकवून दृष्टीच्या अभ्यासाला हीच शिस्त लावली. पुढच्या पन्नास वर्षांत माकडाच्या मेंदूबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बहुतेक या खुर्चीतूनच कळलं आहे.

आज खुर्चीला नावं ठेवणं सोपं आहे. पण तिने तीन गोष्टी दिल्या. इलेक्ट्रोड न्यूरॉनपासून काही मायक्रॉनही हलला तर सिग्नल बदलतो किंवा जातो, डोकं स्थिर असलं की ही भीती कमी होते. नजर स्थिर असली की डोळ्यात काय शिरतंय हे आपल्याला माहीत असतं. आणि तीच कृती शेकडो वेळा झाली की सरासरी काढता येते.

एक गंमत बघा. डेव्हिड ह्यूबेल यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड तयार केला आणि मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या दृष्टी-कॉर्टेक्सचं रेकॉर्डिंग १९५९ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे 'मोकळं जनावर' ही कल्पना अजिबात नवी नाही. त्याच वर्षी त्यांचा टॉर्स्टन वीझल यांच्यासोबतचा पेपरही आला. त्यातली मांजरं हलक्या भुलीखाली होती, समोर पडदा होता, पडद्यावर नेमके ठिपके आणि रेषा. ठरावीक कलाच्या रेषेला प्रतिसाद देणारे न्यूरॉन सापडले ते या दुसऱ्या कामात. १९८१च्या नोबेलपर्यंत नेणारा रस्ता तिथून निघाला. माणूस तोच, इलेक्ट्रोड तोच, मेंदूचा भागही तोच. पण 'हा न्यूरॉन नेमकं काय बघतो' या प्रश्नासाठी मोकळं मांजर कामाचं नव्हतं.

आता उलटं उदाहरण. १९७१ साली जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये 'प्लेस सेल' शोधले, म्हणजे उंदीर एका विशिष्ट जागी असतानाच चेतणारे न्यूरॉन. उंदीर हिंडतच नसता तर ते दिसणार कसे? इथे मोकळीक हीच प्रयोगाची अट होती. म्हणून 'मोकळं' हे विशेषण आपोआप गुण ठरत नाही. प्रश्न कोणता, यावर ते अवलंबून आहे.

माकडाच्या डोक्यावर वायर का चालत नाही

उंदराच्या डोक्यावरून एक हलकी वायर वर छताकडे नेता येते. माकडाला हात आहेत, आणि त्याच्या जोडीदारालाही. वायर दिसली की ती ओढली जाणार, दोन मिनिटांत तुटणार. म्हणून सगळं वायरलेस हवं किंवा डोक्यावरच साठवून ठेवायला हवं.

यातली अडचण आकड्यांत बघू. समजा ९६ इलेक्ट्रोडची एक अ‍ॅरे मेंदूत बसवली आहे. प्रत्येक इलेक्ट्रोडवरून सेकंदाला ३०,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे ४.६ कोटी बिट. एवढा डेटा रेडिओने सतत पाठवायचा तर बॅटरी लवकर संपते. डोक्यावरच्या छोट्या लॉगरमध्ये साठवायचा तर बॅटरी टिकते, पण लॉगरचं घड्याळ आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्यांचं घड्याळ वेगवेगळं चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत फक्त १० भागांचा फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांची तफावत पडते. सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे मधून मधून घड्याळं जुळवली नाहीत, तर तासाभराने न्यूरॉन 'माकडाने हात उचलण्याआधी' चेतला की 'उचलल्यावर', हेच सांगता येणार नाही. त्यात चघळताना जबड्याच्या स्नायूंचा विद्युत गोंगाट येतो तो वेगळाच. पेपरचा 'मेथड्स' भाग वाचताना हा तपशील शोधा. कंटाळवाणा वाटतो, पण पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा असतो.

२०१४ साली ड्यूक विद्यापीठातल्या मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने मोकळ्या ऱ्हीसस माकडांत जवळपास ५०० न्यूरॉन्सचं एकाच वेळी रेकॉर्डिंग करून दाखवलं. २०२० मध्ये मिनेसोटातल्या गटाने ६२ कॅमेरे लावलेली एक खोली उभारली, आणि अंगावर कोणतीही खूण न चिकटवता माकडाची शरीरस्थिती त्रिमितीत मोजून दाखवली. म्हणजे मेंदूचं रेकॉर्डिंग आणि वागण्याचं मोजमाप ही दोन्ही टोकं हाताशी आली. आपला २०२४चा पेपर या पायावर उभा आहे.

पेपर काय म्हणतो?

संशोधकांनी नर-मादी जोड्या मोकळ्या ठेवल्या आणि नराच्या मेंदूतल्या दोन भागांचं वायरलेस रेकॉर्डिंग केलं: एक प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधला, दुसरा टेम्पोरल कॉर्टेक्समधला. त्यांचे मुख्य दावे तीन आहेत.

पहिला: खाणं, इकडेतिकडे फिरणं, जोडीदाराच्या अंगावरच्या उवा वेचणं, धमकावणं अशी २४ नैसर्गिक वर्तनं आणि भोवतालची सामाजिक स्थिती या न्यूरॉन्सच्या हालचालीतून ओळखता येते.

दुसरा: उवा वेचण्यात, म्हणजे ग्रूमिंगमध्ये, जोडीदार एकमेकांची जवळपास तंतोतंत परतफेड करतात, आणि कोणी कोणाचं किती केलं याचा चालू हिशोब न्यूरॉन्सच्या हालचालीत दिसतो. लेखकांनी यासाठी 'लेजर' हा शब्द वापरला आहे. आपल्या भाषेत उधारीची वही म्हणा.

तिसरा: आक्रमक आगंतुक समोर आला की वर्तनात आणि मेंदूत दिसणाऱ्या प्रतिसादात समानुभूती दिसते, आणि जोडीदार सोबत असला की धक्का सौम्य होतो.

आता एकेक दावा कसोटीला लावू.

पहिला दावा: ओळखता आलं, पण कशावरून?

माकड खातंय की उवा वेचतंय हे न्यूरॉन्सवरून कॉम्प्युटरला ओळखता आलं, याचा अर्थ त्या डेटामध्ये कुठेतरी फरक आहे, एवढाच. तो फरक कशाचा आहे, हा वेगळा प्रश्न.

उवा वेचताना माकडाच्या डोळ्यांसमोर काय असतं? अगदी जवळून दिसणारी जोडीदाराची फर. खाताना? हातातला घास. टेहळणी करताना? दूरची भिंत, दार. ज्या टेम्पोरल भागातून रेकॉर्डिंग आहे, तो दृष्टीच्या वाटेवरचा भाग आहे. तिथल्या न्यूरॉन्सवरून ही वर्तनं वेगळी काढता आली, तर मला फार आश्चर्य वाटत नाही, कारण समोरची दृश्यंच वेगळी आहेत. लेखकांनाही हे कळतं. व्हिडिओवरून हालचाल आणि डोक्याच्या दिशेवरून दृष्टिक्षेत्र यांचा अंदाज घेऊन, तो परिणाम वजा केल्यावरही वर्तनाची खूण उरते, असं ते दाखवतात. हे काम प्रामाणिक आहे. पण डोकं कुठे आहे यावरून नजर नेमकी कुठे आहे, हे ढोबळपणेच कळतं. माकड आपल्यासारखंच आहे, त्याचे डोळे सेकंदाला अनेकदा उडी मारतात आणि स्पष्ट दिसतो तो मधला छोटासा भाग.

हा आक्षेप नुसता तात्त्विक नाही. २०२३ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये भरत तल्लुरी, हेंड्रिक्ये नीनबोर्ग आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. त्याआधी उंदरांत असं दिसलं होतं, की अंगाची सहज हालचाल झाली तरी दृष्टी-कॉर्टेक्समधले न्यूरॉन बदलतात. या गटाने तेच माकडांत तपासलं. हालचाल आणि न्यूरॉन यांचा संबंध माकडांतही सापडला. पण हालचालीमुळे डोळ्यातल्या पडद्यावरची प्रतिमा किती बदलली, हे हिशोबात धरल्यावर त्यातला बहुतेक संबंध तिथेच जिरला. म्हणजे जो 'हालचालीचा परिणाम' वाटत होता, तो बराचसा 'दिसण्याचा परिणाम' होता. हे उघड झालं ते नजर आणि चित्र दोन्ही हाताशी होती म्हणून.

मोकळ्या माकडात नजर मोजणं अशक्य आहे, असंही नाही. डोरा अँजेलाकी यांच्या गटाने २०२१ साली 'न्यूरॉन'मध्ये छापलेल्या कामात मोकळ्या फिरणाऱ्या ऱ्हीसस माकडांचं डोकं आणि डोळे दोन्ही टिपले. हिप्पोकॅम्पसमध्ये त्यांना काय सापडलं? उंदरासारखे साधे प्लेस सेल प्रबळ नव्हते. माकडाचं तोंड खोलीतल्या कोणत्या जागेकडे आहे, डोक्याची दिशा कोणती आहे, याचं वजन जास्त होतं. आणि डोळ्यांच्या हालचालींचा परिणाम सगळ्या भागांत ठळक होता. डोळे मोजले नसते, तर हा ठळक परिणाम दुसऱ्याच कशाच्या तरी नावावर जमा झाला असता.

म्हणून पहिल्या दाव्याबद्दल माझं मत असं: घटना खरी, अर्थ अर्धवट. आणखी एक गोष्ट. दोन भाग मेंदूत दूर आहेत, त्यांची कामं वेगळी मानली जातात, तरी दोन्हीकडे वर्तनाची खूण भक्कम दिसते. लेखक याला 'विखुरलेली' नोंद म्हणतात. मी वाचताना आधी विचारते, की दोन्हीकडे पोहोचणारं एखादं सामाईक कारण आहे का? सावधपणा, उत्तेजना, नजर? 'सगळीकडे सगळं' असं उत्तर आलं की तिथे थांबून हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

दुसरा दावा: उधारीची वही

आपल्या माथेरान-महाबळेश्वरच्या माकडांना पाहिलं असेल, तर उवा वेचण्याला त्यांच्या दिवसात किती जागा असते हे तुम्हाला ठाऊक आहे. ती बॉनेट मॅकाक, ऱ्हीससची चुलत भावंडं. ग्रूमिंग ही त्यांच्या मैत्रीची, युतीची रोजची देवघेव. आणि खुर्चीत बांधलेल्या माकडाला ती करताच येत नाही. त्यामुळे हा प्रश्न मोकळ्या माकडालाच विचारता येतो, आणि परतफेडीचं वर्तनातलं निरीक्षण मला पेपरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

अडतं ते 'न्यूरॉन्समध्ये वही आहे' या पुढच्या पायरीवर. वहीतली शिल्लक ही कशी बदलते याचा विचार करा. ती क्षणाक्षणाला उड्या मारत नाही, हळूहळू चढते, हळूहळू उतरते. आता रेकॉर्डिंगमध्ये हळूहळू बदलणारं आणखी काय काय असतं? इलेक्ट्रोड किंचित सरकतो. माकडाची भूक भागते. सकाळची तरतरी उतरते, सुस्ती येते. दोन गोष्टी सावकाश बदलत असल्या, की त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसताना आकडेवारीत मोठा संबंध दिसू शकतो. जॉर्ज उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ सालीच यावर लिहिलं आणि अशा संबंधांना 'निरर्थक' म्हटलं. वेळेनुसार बदलणाऱ्या डेटामध्ये तुम्ही कोणतंही काम करणार असाल, तर हा सापळा ओळखता यायलाच हवा.

यावर 'आमच्याकडे हजारो क्षणांचा डेटा आहे' असं म्हणून चालत नाही. शेजारशेजारचे हजार क्षण हे हजार स्वतंत्र पुरावे नसतात. एका सत्रात शिल्लकीची वक्ररेषा एकच असते, तेव्हा पुरावाही साधारण एकच. अशा दाव्याला मी दोन कसोट्या लावेन. एका दिवसाच्या न्यूरॉन्सची सांगड दुसऱ्याच दिवसाच्या शिल्लकीशी घालून पाहायची. तरीही तितकाच संबंध दिसला, तर वही गेली. आणि शिल्लक मुद्दाम बदलायची: जोडीदाराने उवा वेचायला सुरुवात केली की मध्येच दोघांना वेगळं करायचं, म्हणजे 'देणं' अडकून राहील. सिग्नल खरोखर हिशोबाचा असेल तर तो तिथे अडकून राहिला पाहिजे, फक्त वेळेचा असेल तर पुढे सरकत जाईल. तुम्ही पूरक माहितीसह पेपर उघडा आणि लेखकांनी यातलं काय केलं आहे, कुठपर्यंत केलं आहे, हे स्वतः तपासा. चिकित्सा शिकायला याहून चांगला गृहपाठ नाही.

माझ्या मते 'हिशोबाशी जुळणारा सिग्नल' इथपर्यंत डेटा आपल्याला नेतो. 'वही' म्हटलं की कोणीतरी ती उघडून वाचतं आणि त्यावरून पुढचा व्यवहार ठरवतं, असं सुचवलं जातं. ते दाखवायला सिग्नल बिघडवून परतफेड बिघडते का, हे बघावं लागेल.

तिसरा दावा: समानुभूती

इथे शब्द डेटाच्या सगळ्यात पुढे धावतो. जोडीदारावर संकट आलं, तेव्हा माकडाच्या मेंदूत आणि वागण्यात जे दिसलं, त्यात स्वतःवर संकट आल्यावर दिसणाऱ्या खुणा आहेत असं म्हणू. यावरून समानुभूती म्हणायचं का? शेजारी उभ्या असलेल्याला कोणी धमकावत असेल, तर आपणही घाबरतो, कारण पुढचा नंबर आपला असू शकतो. ती स्वतःपुरती भीतीच. दोन्ही कारणांनी मेंदूत सारखीच खूण उमटू शकते.

मेंदूतल्या खुणेवरून मनातली अवस्था ठरवणं हा उलटा निष्कर्ष आहे. रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ साली मेंदूच्या इमेजिंगबद्दल हाच इशारा दिला होता: एखादी खूण भीतीत दिसते म्हणून, खूण दिसली की भीती आहेच, असं होत नाही. तुलनेसाठी अनोळखी माकड हवं, आवडतं आणि नावडतं हवं, आणि संकट जोडीदाराला आहे पण आपल्याला शंभर टक्के सुरक्षित अंतर आहे अशी परिस्थिती हवी. जोडीदार सोबत असला की ताण कमी होतो, हा भाग मात्र मला पटतो. तो वर्तनातही तपासता येतो आणि त्याला मनाचा मोठा शब्द लागत नाही.

दोन माकडं, दोन नाती

माकडांच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजीत दोन जनावरांवर पेपर निघतो, ही जुनी रीत आहे. नैतिक कारणांनीही ती योग्य आहे, उगाच दहा माकडांच्या कवट्या उघडायच्या नाहीत. पास्काल फ्रीस आणि एरिक मारिस यांनी २०२२ साली याच प्रश्नावर लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की दोन जनावरांवरून संपूर्ण प्रजातीबद्दल संख्याशास्त्रीय अनुमान काढता येत नाही, निष्कर्ष त्या दोन जनावरांपुरता राहतो.

दृष्टीच्या अभ्यासात हे फारसं बोचत नाही. कोणत्याही दोन निरोगी ऱ्हीससच्या दृष्टी-कॉर्टेक्सची ढोबळ रचना सारखीच असणार, हे मानायला आधार आहे. नात्यांच्या अभ्यासात हा आधार कुठून आणायचा? इथे मोजण्याचं एकक नातं आहे. न्यूरॉन शेकडो असले, तरी जवळून पाहिलेली नाती दोनच. तुमच्या सोसायटीतल्या दोन जोडप्यांना पाहून लग्नसंस्थेबद्दल कोणी बोलायला लागलं तर तुम्ही काय म्हणाल? तेच इथे म्हणायचं, थोड्या सभ्य भाषेत. पेपरच्या सारांशाचा शेवट मानवी समाजापर्यंत जातो. दोन जोड्यांवरून तिथपर्यंतची उडी लांब आहे.

मग चांगलं डिझाइन कसं दिसतं?

नुसती टीका करून थांबलो तर उपयोग नाही, म्हणून दुसरा पेपर शेजारी ठेवते. २०२५ साली 'सायन्स'मध्ये इटलीतल्या पार्मा इथल्या लुका बोनिनी यांच्या गटाचं काम आलं. पार्मा म्हणजे जिथे मिरर न्यूरॉन सापडले ते गाव, आणि तो सगळा इतिहास खुर्चीतल्या माकडांचा. या गटाने प्रीमोटर कॉर्टेक्समधले तेच न्यूरॉन दोन्ही परिस्थितींत टिपले: माकड खुर्चीत असताना आणि मोकळं असताना. हाताची आणि तोंडाची तीच कृती अनेक न्यूरॉन्सनी दोन्हीकडे वेगळ्या प्रकारे नोंदवली. मोकळ्या अवस्थेतल्या डेटावर शिकवलेला डिकोडर दुसरीकडे जास्त चांगला चालला, खुर्चीतल्या डेटावर शिकवलेला कमी.

यात मला आवडतं ते हे: 'मोकळीक दिल्याने काय कळलं' हाच त्यांचा प्रश्न आहे, आणि खुर्ची हे त्यांचं नियंत्रण आहे. खुर्ची फेकून दिलेली नाही, तिला तुलनेसाठी कामाला लावलं आहे. यालाही प्रश्न विचारता येतातच. बसून घास उचलणं आणि जाळीला लटकून घास उचलणं ही 'तीच' कृती म्हणायची का? खांदा, कंबर, तोल, सगळं वेगळं आहे. न्यूरॉनमधला फरक परिस्थितीचा की शरीरस्थितीचा? पण हा प्रश्न पुढच्या प्रयोगात सोडवता येईल असा आहे, आणि मोजण्याची साधनं आज उपलब्ध आहेत.

मधला मार्ग आपल्या देशातही शोधला गेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एस. पी. अरुण यांच्या गटाने २०२१ साली 'ईलाइफ'मध्ये एका खोलीचं वर्णन दिलं आहे. माकडं तिथे मोकळी असतात. वाटलं तर टचस्क्रीनपाशी येतात, सरबत मिळवण्यासाठी काम करतात, आणि तेवढ्या वेळात त्यांची नजर नेमकेपणाने मोजली जाते. वाटलं तर निघून जातात. एका नवख्या माकडाने शिकलेल्या माकडांसोबत राहून, त्यांना बघून काम उचललं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. इथे मोकळीक आणि नियंत्रण यांची वेळ वाटून घेतली आहे. साधनसामग्री मर्यादित असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी या पेपरमधला खोली उभारण्याचा तपशील जरूर वाचावा.

तुमच्यासाठी हे का महत्त्वाचं

एक तर विषय निवडताना. 'फ्रीली मूव्हिंग' लॅबमध्ये जायचं असेल तर जा, क्षेत्र जिवंत आहे. पण तिथली पहिली दोन वर्षं कॅमेरे जुळवण्यात, घड्याळं जुळवण्यात आणि व्हिडिओवर लेबलं लावण्यात जातात, ही तयारी ठेवा. प्रोग्रॅमिंग आणि टाइम सिरीजचं संख्याशास्त्र आत्तापासून शिकायला घ्या. आणि गाईडला भेटाल तेव्हा विचारा, "तुमच्या प्रश्नाला मोकळं जनावर का लागतं?" उत्तर 'हल्ली सगळे तेच करतात' अशा छापाचं आलं तर विचार करा.

दुसरं कारण माकडाच्या बाजूने आहे. 'मोकळं' हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण अ‍ॅरे बसवायला कवटी उघडावीच लागते. डोक्यावर कायमचा जोडखांब राहतो, जखमेची रोज काळजी घ्यावी लागते, आणि लॉगर चढवण्यासाठी बऱ्याचदा काही मिनिटं त्याच खुर्चीत बसवावं लागतं. भारतात असं काम करायचं तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची परवानगी लागते, आणि अर्जात लिहावं लागतं की हे जनावर कशासाठी हवं. तो रकाना भरताना तुम्ही जे लिहाल, ते पेपरच्या शेवटी खरं ठरलं पाहिजे. एक माकड आयुष्यातली वर्षं देतं, तेव्हा त्याच्याकडून मिळालेल्या डेटावर 'समानुभूती'सारखा शब्द चिकटवण्याआधी एक जास्तीची तुलना करणं, एवढं तर आपण देणं लागतो.

तर या आठवड्याचं काम: टेस्टार्डचा आणि पार्माचा असे दोन्ही पेपर शेजारी उघडा. एका कागदावर दोन रकाने करा, 'मोकळीक दिल्याने मिळालं' आणि 'मोकळीक दिल्याने सुटलं'. प्रत्येक आकृतीसाठी दोन्हीकडे एकेक ओळ लिहा. माझ्याशी तुमचं जिथे पटणार नाही तिथे खूण करा आणि खाली कळवा, विशेषतः उधारीच्या वहीबद्दल. आमच्या जर्नल क्लबमध्ये त्यावरून दोन तट पडले होते आणि ते अजून मिटलेले नाहीत.